बाउंड्रीवरून वाचता येणारी अक्षरं

काकीचा फोन आला तेव्हा मी एका बिल्डरच्या ब्रोशरमधलं ‘निसर्गाच्या कुशीत’ हे वाक्य पानाच्या मधोमध बसवत होते. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. खारघरच्या कडेला ओवे गाव आहे, ते माझं माहेर. काकी तिथेच राहते. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने थोराड, आणि आवाज असा की पनवेलपर्यंत बोलायला तिला फोन कशाला लागतो असं वाटावं. हॅलोबिलो काही न म्हणता तिने सांगितलं की गावातल्या बायकांनी क्रिकेटची टीम काढली आहे, टी-शर्ट छापायचे आहेत आणि पाठीवरची नावं मी करून द्यायची.

घरात कमर्शियल आर्ट शिकलेली मी एकटीच. त्यामुळे हळदीचा बॅनर असो की जत्रेचं पत्रक, सगळं फिरून माझ्याकडे येतं. लग्न होऊन मी पनवेलला आले, मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरून करते, दिवसभर सभ्य, सडपातळ अक्षरांशी माझा संबंध असतो. पण ओव्यातल्या लोकांच्या लेखी मी अजून ‘चित्रा काढनारी आपली पोर’ आहे.

आमच्या भागात हिवाळ्यात गावोगावी क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. टेनिसचा बॉल, अंडरआर्म बोलिंग, मांडव, लाउडस्पीकर, माइकवर अखंड बोलणारा एक माणूस. पुरुष खेळतात आणि बायका कडेने उभ्या राहून बघतात. त्या वर्षी शेजारच्या गावाने पहिल्यांदाच एक दिवस बायकांच्या सामन्यांसाठी ठेवला होता. काकीने लग्न होऊन आल्यापासून हे क्रिकेट इतकं बघितलं होतं की कोणाचा पाय रेघेबाहेर गेला हे तिला अंपायरच्या आधी कळायचं. बातमी ऐकल्याबरोबर ती घरोघर फिरली आणि टीम उभी करून मोकळी झाली.

पाठीवर नावं कोणती घालायची यावर त्यांची बरीच चर्चा झाली होती. आडनावं घालावीत तर अर्ध्या टीमचं आडनाव एकच. पाळण्यातली नावं घालावीत तर गावात ती कोणाला ठाऊकच नाहीत. शेवटी असं ठरलं की जिला गाव जे म्हणतं तेच तिच्या पाठीवर. म्हणून काकी, वयनी, मामी, आत्या, थोरली, धाकली, अंगणवाडीत शिकवते ती टीचर, आणि दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली मुलगी, तिला अजून सगळे नवरीच म्हणत होते, ती नवरी. तिची सासूही टीममध्ये होती. तिने हसत हसत पाठीवर ‘सासू’ लिहून घ्यायचं कबूल केलं होतं.

“अक्षरा जाडी पायजेत,” काकी म्हणाली. “बाउंड्रीवरून वाचता आली पायजेत. आन् जरा हसरी असूं दे.”

मी माझ्याकडचे सगळे जाडे फॉन्ट काढले, प्रत्येकात ‘काकी’ लिहून छापलं आणि रविवारी ओव्याला गेले. काकीने चष्मा लावून एकेक कागद लांब धरला. पहिला बघून ती म्हणाली, “ही तं सातबाऱ्यावरची वाटतान.” दुसरी तिला लग्नपत्रिकेवरची वाटली, तिसरी दवाखान्याच्या पाटीवरची. चौथा कागद तिने नुसताच परत केला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर ती बोलत होती ते मला पटत होतं. त्या अक्षरांत जाडी होती, पण मजा नव्हती. भाषण करायला उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती सगळी ताठ उभी होती.

त्या दिवशी संध्याकाळी देवळामागच्या मैदानात टीमचा सराव होता, म्हणून मी थांबले. मैदान म्हणजे तीन बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये उरलेला मोकळा तुकडा. काकी पदर खोचून बोलिंग टाकत होती. बॉल सोडताना तिचं सगळं शरीर पुढे झुकायचं आणि बॉल गेला तरी ती तशीच झुकून बघत राहायची. थोरली धावायची नाही. बॉल तिच्याकडे आला तरच ती त्याला अडवायची, पण अशी अडवायची की भिंत बरी. नवरी प्रत्येक बॉलला डोळे मिटून बॅट फिरवायची आणि स्वतःभोवती गिरकी घ्यायची. सगळ्या हसत होत्या. मीही हसत होते, आणि हसता हसता माझ्या हाताची बोटं आपोआप मांडीवर काहीतरी गिरवायला लागली.

सराव संपायच्या आधीच मी काकीच्या अंगणात परत आले. पोत्यांवर घातलेला एक जुना फ्लेक्सचा बॅनर होता, कोणाच्या तरी वाढदिवसाचा. तो काढून अंगणात उलटा पसरला. मागची बाजू पांढरी. भिंतीला रंग देतात तो चार बोटं रुंदीचा ब्रश आणि काळा रंग काकांकडून घेतला आणि गुडघ्यावर बसून ‘म’ काढला. मोठा, हातभर. त्याच्या गाठीला मी पोट दिलं. उभी रेघ खाली येता येता पुढे झुकवली. मग ‘का’. ‘क’च्या दोन्ही बाजू फुगवल्या, जणू कमरेवर हात ठेवून उभी आहे. ‘थ’ला मी भिंतीसारखा रुंद केला. ‘न’ला गिरकी दिली. कॉलेजमध्ये अक्षरं काढायला मी पट्टी घेऊन शिकले होते. इथे पट्टी नव्हती आणि मला ती आठवलीही नाही. काळोख पडायला लागला तेव्हा सगळा फ्लेक्स भरला होता आणि टीम घामेजलेली, माझ्या भोवती उभी होती.

मग सासूने एका अक्षराकडे बोट दाखवून विचारलं, ही थोरली ना? ‘थोरली’ अजून लिहिलीच नव्हती. मी फक्त ‘थ’ काढला होता.

टी-शर्ट छापायचं दुकान पनवेलच्या बाजारातल्या एका गल्लीत होतं. मालकांना सगळे भाई म्हणतात, मीही म्हणते. फ्लेक्सवरची अक्षरं कॉम्प्युटरवर उतरवून केलेली माझी फाइल त्यांनी उघडली, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, “मॅडम, हे तर नाचतंय.” मी विचारलं, वाचता येतंय का? त्यांनी समोरच्या दुकानात चहा पिणाऱ्या माणसाला हाक मारली, नमुन्याला छापलेला एक टी-शर्ट उंच धरला आणि त्याला वाचायला सांगितलं. रस्त्यापलीकडून त्याने ‘वयनी’ असं ओरडून सांगितलं. भाईंनी त्याच संध्याकाळी सगळे टी-शर्ट छापायला घेतले. पिवळ्या कापडावर काळी अक्षरं.

सामन्याच्या दिवशी मी नवऱ्यालाही बरोबर नेलं. तो मूळचा नाशिकचा, आमच्याकडचं क्रिकेट त्याने कधी बघितलं नव्हतं. मांडवात माइकवर बसलेला माणूस पुरुषांच्या आडनावांना सरावलेला होता. आमची टीम मैदानात उतरली तेव्हा तो जरा थबकला. मग बोलिंगला कोण आलं ते पाठीवर वाचून त्याने जाहीर केलं, “बोलिंगला येत आहेत काकी.” लोक हसले. पुढच्या ओव्हरला मामी आली, लोक पुन्हा हसले. पण तिसऱ्या ओव्हरपर्यंत हसणं थांबलं आणि लोक पाठी वाचून हाका मारायला लागले. ‘थोरली, अडव’, ‘आत्या, मागं बघ’. ज्यांनी त्या बायकांना जन्मात बघितलं नव्हतं ते त्यांना नात्याने हाक मारत होते. मी मैदानाच्या या टोकाला होते आणि त्या टोकाला, बाउंड्रीच्या दोरीजवळ, बॉल उचलायला गेलेली धाकली पाठमोरी होती. ‘धाकली’ मला तिथून लख्ख वाचता येत होतं. ती धावायला लागली की ‘ली’ची वेलांटी तिच्या खांद्यावर उडायची. मी काढलेलं अक्षर धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. माझ्या छातीत असं धडधडत होतं की जणू मीच कॅच घ्यायला पळतेय.

शेवटच्या ओव्हरला बॅटिंगला सासू आणि नवरी होत्या. माइकवरच्या माणसाला तर पर्वणीच. सासू-सुनेची भागीदारी, सासूने सुनेला स्ट्राइक दिली, सून सासूला पळवतेय, असं त्याचं चाललं होतं आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बायका टाळ्या पिटत होत्या. नवरीने डोळे मिटले, गिरकी घेतली आणि बॉल मांडवाच्या कापडावर जाऊन पडला. सामना आम्ही जिंकलो. ती मात्र बॉल कुठे गेला ते शोधत तशीच उभी होती. सासूने धावत जाऊन तिला उचललं तेव्हा तिला कळलं.

पुढच्या सामन्यात समोरच्या टीमने आम्हाला सहज हरवलं. त्याचं कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. सगळ्यांनी मैदानातच एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, कॅमेऱ्याकडे पाठ करून फोटो काढला. तो फोटो दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता.

मग मागण्या सुरू झाल्या. दुसऱ्या गावातल्या टीमला तसलेच टी-शर्ट हवे होते. कोणाच्या हळदीला ‘नवरीची गँग’ हवी होती. मासे विकणाऱ्या एका बाईला टेम्पोवर ‘ताजी कोलंबी’ हवं होतं. उरणच्या एका माणसाला होडीवर नाव हवं होतं. मी ऑफिसचं काम आटोपून रोज नवी अक्षरं काढायची, स्कॅन करायची, पाठवायची. हात भरून यायचा, पण सकाळी उठल्यावर मला आधी त्याचीच आठवण व्हायची. नोकरीला लागल्यापासून मला असं झालं नव्हतं.

एकदा भाईंच्या दुकानात गेले तर त्यांनी मला न विचारताच एक ऑर्डर पुरी करून ठेवली होती. माझ्या जुन्या फाइलींमधली अक्षरं कापून त्यांनी ‘नवरदेव’ जुळवला होता. ‘द’ त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ‘टीचर’मधल्या ‘ट’ला खाली शेपूट लावून त्यांनी तो तयार केला होता. अक्षरांच्या वरच्या रेघा एकमेकींना भेटत नव्हत्या, त्यामुळे शब्द पायऱ्या उतरल्यासारखा दिसत होता. भाई म्हणाले, “तुम्हाला दर वेळी तकलीफ कशाला? मला टाइप करता येईल असं द्या ना काहीतरी.”

परतताना रिक्षात माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं. टाइप करता येईल असं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉन्ट वापरले होते. आपणही एक करू शकतो हे मला कधी सुचलंच नव्हतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मला वाटत होतं तू तेच करतेयस.

पण करायला बसले तेव्हा कळलं की अक्षरं काढणं वेगळं आणि फॉन्ट करणं वेगळं. टी-शर्टवर मला माहीत होतं की ‘क’च्या शेजारी ‘ा’ येणार आहे. फॉन्टमध्ये कोणत्याही अक्षराशेजारी कोणतंही अक्षर येऊ शकतं, आणि त्या सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं. त्यात आपली अक्षरं शिरोरेघेला लटकलेली. रेघ सरळ ठेवली की माझी अक्षरं पुन्हा शहाणी होऊन एका ओळीत उभी राहायची. रेघ वरखाली केली की ती तुटायची, भाईंच्या नवरदेवासारखी. कितीतरी संध्याकाळी मी याच्याशी झगडले. जोडाक्षरं, काने, रफार, सगळं जमत गेलं, पण ती एक रेघ काही जमेना.

उत्तर मिळालं ते फोटोत. काकीने तिच्या प्रोफाइलला तोच टीमचा फोटो लावला होता. तिच्याशी बोलता बोलता माझं त्याच्याकडे लक्ष गेलं. थोरली उंच, तिच्या शेजारी मामी बुटकी, तिच्या शेजारी नवरी मध्यम. डोकी वरखाली, खांदे वरखाली. पण प्रत्येकीचा हात शेजारणीच्या खांद्यावर होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांची साखळी कुठे तुटली नव्हती. मी काकीला म्हटलं, तुला नंतर करते फोन. लगेच कॉम्प्युटरवर बसले आणि प्रत्येक अक्षराच्या रेघेची दोन्ही टोकं ठरावीक उंचीवर ठेवली. मधला भाग मात्र मोकळा सोडला. ‘थ’ची रेघ मध्ये उचलली, ‘म’ची मध्ये झोळीसारखी खाली आणली. दोन अक्षरं शेजारी ठेवली. ती भेटली. तिसरं ठेवलं, तेही भेटलं. मी खोलीतून नवऱ्याला हाक मारली ती इतक्या जोरात की तो हातातला कुकर तसाच घेऊन आला.

त्याच सुमाराला माझ्या सासूबाईंनी दखल घेतली. त्या आमच्याकडेच राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या; त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि त्यांना माझी अक्षरं सुरुवातीला आवडली नव्हती. फार दंगा करतात, असं त्या म्हणाल्या होत्या. आता सोसायटीतल्या बायकांचा मंगळागौरीचा कार्यक्रम होता आणि बॅनर करायची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. त्यांनी मला जरा आडूनच विचारलं की तुझ्या त्या अक्षरांत ‘मंगळागौर’ कसं दिसेल.

मी टाइप करायला गेले आणि थांबले. माझ्याकडे ‘ळ’ नव्हता. काढायचा राहिला होता असं नाही, तो कधी लागलाच नव्हता. माझ्या माहेरच्या बोलीत ‘ळ’ बोलतच नाहीत. डोळ्याला डोला म्हणतात, काळ्याला काला. आजवरच्या ऑर्डरी सगळ्या तिकडच्याच, त्यामुळे अर्धा फॉन्ट तयार झाला तरी ‘ळ’वाचून कोणाचं अडलं नव्हतं. मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्या आधी विश्वास ठेवेनात आणि मग इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मी कागदावर तीन-चार ‘ळ’ काढून दाखवले. एक चष्म्यासारखा झाला, एक जिलबीसारखा. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं.

“या दोघी फुगडी घालतायत असं दिसू दे,” त्या म्हणाल्या आणि दोन गोल काढले, एकमेकांपासून मागे रेललेले, मध्ये घट्ट धरलेले.

तोच ‘ळ’ फॉन्टमध्ये गेला. मी फक्त तो जाडा केला. मंगळागौरीच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये तो बॅनर लागला तेव्हा सासूबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी ‘ळ’ दाखवत होत्या आणि मग हळदीकुंकू लावत होत्या.

फॉन्ट पुरा झाला म्हणजे नेमका कधी झाला हे सांगणं कठीण आहे, कारण रोज काहीतरी नवं सापडायचं. पण एका शनिवारी मला वाटलं की आता दाखवण्यासारखा आहे. मी लॅपटॉप घेऊन ओव्याला गेले. काकी भाकऱ्या थापत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि लॅपटॉपसमोर पाटावर बसली. मोबाइलवर मराठी लिहायची तिला सवय होती, पण एवढी बटणं बघून ती म्हणाली, “मना नाय जमाचा.” मी तिला बटणं दाखवली. तिने एका बोटाने, एकेक बटण शोधत टाइप करायला सुरुवात केली. ‘आ’ उमटला. मग ‘मी’. मग ती थांबली, विचार करत राहिली, आणि पुढचा शब्द लिहिला. पडद्यावर मोठ्या, काळ्या, हातात हात घातलेल्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आमी आयलू. म्हणजे आम्ही आलो.

हे मी काढलेलं नव्हतं. माझा हात माझ्या मांडीवर होता. आणि तरी ते माझ्याच हाताचं होतं. घराच्या बाहेर कधी कागदावर न दिसणारी आमची बोली त्या अक्षरांत अशी बसली होती जणू अक्षरं तिच्यासाठीच शिवली होती. काकीने ते मिटवून पुन्हा लिहिलं. मग तिने नवरीला हाक मारली, नवरीने सासूला, आणि चूल तशीच सोडून सगळ्या आळीपाळीने टाइप करत बसल्या. फॉन्टला काय नाव द्यायचं हा प्रश्न उरलाच नाही. मी फाइलीला ‘काकी’ असं नाव दिलं.

मी तो इंटरनेटवर कोणालाही उतरवून घेता येईल असा ठेवला. भाई तर पहिले. मग तो असा पसरला की मला पत्ताच लागेना. पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर ‘काला खट्टा’ दिसला. एका रिक्षाच्या मागे ‘आई’ दिसली. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कमानीवर दिसला. बाजारात भाजी घ्यायला गेले की मी वर बघत चालायची, आणि कुठे ओळखीचं अक्षर दिसलं की नवऱ्याचा दंड धरून त्याला थांबवायची. तो एकदा म्हणाला की तुझ्याबरोबर रस्त्याने जाणं म्हणजे तुझ्या नातेवाइकांच्या लग्नाला जाण्यासारखं झालंय.

आणि मग भाईंनी आपट्याचा फोटो पाठवला. आपटा हे गाव पाताळगंगा नदीच्या काठी आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे लोक डबे घेऊन येतात आणि पाण्यात उतरतात. ग्रामपंचायतीने नदीकाठी लावायचा धोक्याचा फलक भाईंकडे छापायला दिला होता, आणि भाईंनी तो माझ्या अक्षरांत छापला होता. लाल फलकावर पांढरी, पोटं सुटलेली, नाचरी अक्षरं: ‘नदी खोल आहे. पाण्यात उतरू नका.’

गोळ्याची गाडी ठीक आहे, हळद ठीक आहे, पण लोकांना जपा म्हणून सांगायला ही हसरी अक्षरं कशी चालतील? कोणी ते वाचून हसलं आणि पाण्यात गेलं तर? मी नवऱ्याला घेऊन त्याच रविवारी आपट्याला गेले. फलक ज्यांनी लावून घेतला त्या पंचायतीच्या सदस्य बाई तिथेच भेटल्या. मी त्यांना म्हटलं की मी दुसरी, गंभीर अक्षरं करून देते, पैसे नकोत. त्यांनी मला शांतपणे समजावलं. आधीचा फलक सरकारी होता, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. हा लागल्यापासून लोक थांबतात, मोठ्याने वाचतात. “वाचतात तरी,” त्या म्हणाल्या. “वाचलं तर ऐकतील.”

आम्ही तिथेच एका दगडावर बसलो. थोड्या वेळाने एक कुटुंब आलं. पुढे चालणारा माणूस खरोखरच फलकासमोर थांबला, आणि त्याने मोठ्याने वाचलं, “नदी रवोल आहे.” मग मागे वळून बायकोला विचारलं, रवोल म्हणजे काय गं? बायकोने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, अहो, खोल असेल. ते दोघं हसले आणि काठाच्या वरच्या अंगालाच सतरंजी घालून बसले.

मी उठून फलकाजवळ गेले. तो माणूस बरोबर वाचत होता. माझा ‘ख’ म्हणजे एक ‘र’ आणि एक ‘व’, दोघं आपापल्या नादात. नाचण्याच्या भरात मी त्यांना एकमेकांपासून लांब सोडलं होतं. टी-शर्टवर ‘ख’ कधी लागला नव्हता, आणि ‘काला खट्टा’ काय, लोक जिभेच्या सवयीने वाचत होते. एवढ्या दिवसांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मला लाज वाटायच्या ऐवजी अंगात वारं भरल्यासारखं झालं. काय चुकलंय ते दिसत होतं, आणि ते कसं दुरुस्त करायचं तेही दिसत होतं. मी पर्समधलं पेन काढलं, हाताच्या तळव्यावरच ‘र’चा पाय खालून वळवला आणि ‘व’च्या पोटाखाली नेऊन त्याला घट्ट अडकवला. पुन्हा काढला, जरा जाडा. नवरा म्हणाला, घरी जाऊन कर की. मी घरी जाईपर्यंत मनगटापर्यंत ‘ख’ काढले होते.

सोमवारी नवी फाइल भाईंकडे गेली. मंगळवारी भाईंनी फलक छापला आणि सदस्य बाईंनी तो बदलून घेतला. पुढच्या सुट्टीला मी पुन्हा गेले. कामच नव्हतं काही. पण मला घरी बसवेना. नदीकाठी बरीच माणसं होती. कॉलेजच्या मुलींचा एक घोळका फलकासमोर आला, त्यांच्यातल्या एकीने वाचलं, “नदी खोल आहे,” आणि दुसरीने पुढचं वाक्य म्हटलं. एक मुलगी आधीच पाण्याकडे निघाली होती. तिला त्यांनी हाक मारून मागे बोलावलं. ती आली, फलक वाचला, आणि मग सगळ्या त्याच्यासमोर एका ओळीत उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. मला जाऊन सांगावंसं वाटत होतं की हे मी काढलंय. सांगितलं नाही. त्यांच्यातल्या एकीने मोबाइल माझ्या हातात दिला, काकू, आमचा एक काढता का, म्हणून. मी चार पावलं मागे गेले, फलक आणि सगळ्या जणी पुऱ्या दिसतील असं बघितलं आणि एकाऐवजी वीस-पंचवीस फोटो काढले.